गाडी विकणार नाही, आणि आवाजाचं म्हणशील तर...

मु. वालावल, ता. कुडाळ,
माघ वद्य सप्तमी, १९६३

चि. दत्ताराम यास,

वालावलीहून गुरुदासाचे आशीर्वाद. लक्ष्मीनारायणाच्या कृपेने इथे मी, तुझी ताई, म्हैस आणि गाडी असे चौघेही सुखरूप आहोत. तुझं, तुझ्या मंडळींचं आणि तुझ्या त्या खोकल्याचं कसं चाललं आहे ते सवडीने कळव. (अडुळशाचा काढा घे. मुंबईच्या बाटल्यांनी काही होत नाही, हे मी मुंबईत सव्वीस वर्षं खोकून सांगतो आहे.) तुझं पत्र पोचलं. बहिणीच्या नवऱ्याला उपदेश करताना तुझा हात थरथरला असणार असं समजून मी अक्षराकडे कानाडोळा केला. मजकुराकडे मात्र करणार नाही. गाडी भंगारात घाला, ताईला त्या डब्यात बसवून गावात हसं करून घेऊ नका, दारावरून एसटी जाते तिला काय धाड भरली आहे, असं तू लिहितोस. तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट नकोत. गाडी विकणार नाही. तू आणलेल्या गिऱ्हाइकाला विकणार नाही, दुसऱ्या कोणाला विकणार नाही, आणि फुकट मागितली तर मुळीच देणार नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, पण तू विसरल्यासारखं करतोस म्हणून पुन्हा लिहितो. सव्वीस वर्षं मी शेठजींची गाडी चालवली. शेठजींना, शेठाणीला, त्यांच्या मुलांना, मुलांच्या मास्तरांना आणि शेठाणीच्या दोन कुत्र्यांना मी मुंबईभर फिरवलं. त्या सव्वीस वर्षांत ज्या एका माणसाला मी कधी गाडीत बसवलं नाही ते म्हणजे तुझी बहीण. ती इथे भाताचा तरवा लावत होती, माझ्या आईबापांचं करत होती, आणि मी वर्षातून एकदा चतुर्थीला येऊन पाहुण्यासारखं जेवून परत जात होतो. त्यातही घर माणसांनी भरलेलं. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही ही आपल्याकडची रीत, त्यामुळे आमचा संसारातला संवाद म्हणजे ‘पाणी तापलं’ आणि ‘पानं मांडली’ एवढाच. मी नोकरी सोडली तेव्हा शेठजींनी गॅरेजात पडून असलेली आपली जुनी विलायती गाडी, लढाईच्या आधीची, मला देऊन टाकली. (बला टाळली असं तू म्हणतोस. म्हण.) पुणं, कोल्हापूर करत मी ती स्वतः घरी आणली. आंबोलीच्या घाटात धुकं इतकं दाट होतं, की मागचा एसटीचा ड्रायव्हर निव्वळ माझ्या गाडीच्या आवाजाच्या रोखाने घाट उतरला. खाली आल्यावर त्यानं माझे हात धरून आभार मानले. परका माणूस गुण ओळखतो, आणि घरचे मेहुणे नावं ठेवतात.

आता आवाजाचं. आवाज होता, हे मी नाकारत नाही. इंजिनाचा नव्हे; इंजीन सोन्यासारखं आहे. पण आपले रस्ते जांभ्याचे. चाकाखालून जो धडधडाट निघायचा तो गाडीच्या तळाच्या फळ्यांतून थेट बसणाऱ्याच्या दाढांत शिरायचा. वर चारी दारांच्या फटींतून वारा आपापल्या सुरात गायचा, आणि पुढची काच अशी काही शीळ घालायची की वाटेतले बैल थांबून मागे बघायचे. गाडी आली की वाडीतले लोक म्हणायचे, दशावतार आला वाटतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. सव्वीस वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाला आवाजाचं काय? पण तुळशीच्या लग्नानंतर मी जानकीला पहिल्यांदा गाडीत बसवलं, आणि कुडाळच्या बाजाराला घेऊन गेलो. नवी साडी नेसून ती पुढे माझ्या शेजारी बसली. (पुढेच. मागे शेठाण्या बसतात.) आणि दत्ताराम, गाडी सुटल्यापासून कुडाळ येईपर्यंत तुझी बहीण बोलत होती. माझ्याकडे न बघता, समोर बघत, थांबत थांबत, मधेच पदरानं डोळे टिपत ती काहीतरी सांगत होती. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी आपला मान हलवून होय होय करत होतो. कुडाळला इंजीन बंद केलं तेव्हा ती म्हणाली, “मग? तुमचा काय म्हणणा?”

मी म्हटलं, होय.

“होय म्हंजे काय होय?”

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. नाही बोललो. ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की बाजारातली माणसं आमच्याकडे बघायला लागली. “सव्वीस वर्सां पोटात ठेवलेला आज सांगलंय,” ती म्हणाली, “आता परत सांगूचंय नाय. आणि सांगलंय तर ह्याच गाडयेत सांगान, पण ह्या वाजपात नाय.” आणि ती उतरली ती सरळ एसटीनं घरी गेली. तेव्हापासून कुठेही जायचं झालं की ती एसटीनं जायची, मी मागून गाडी घेऊन जायचो, आणि स्टँडवर आम्ही दोघं भेटायचो. लोक हसले. हसू देत. पण तुझ्या लक्षात आलं का, मला ती गाडी गप्प का करायची होती? तुला वाटलं, म्हाताऱ्याला खूळ लागलं आहे. मला माझ्या बायकोचं एक बोलणं ऐकायचं होतं, आणि ते त्या गाडीशिवाय कुठेच मिळणार नव्हतं. घरी मी तिला चार-चारदा विचारलं. ती ताक घुसळत राहायची.

मी कामाला लागलो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं होऊ नये म्हणून आधी आवाज नेमका कुठून येतो ते शोधायला हवं होतं. त्यासाठी इंजीन बंद करून गाडी उतारावरून नुसती सोडायची, म्हणजे उरेल तो फक्त रस्त्याचा आणि वाऱ्याचा आवाज, असा विचार मी केला. (विचार बरोबरच होता. आजही बरोबर आहे.) शेजारच्या गणपतनं वरून ढकलून दिली. गाडी छान सुटली. कान नीट लागावेत म्हणून मी घटकाभर डोळे मिटले, आणि इथे थोडा हिशेब चुकला, कारण डोळे उघडले तेव्हा मी गाडीसकट गणपतच्या गवताच्या उडवीत होतो. पण दत्ताराम, त्या उडवीत काय शांतता होती! बाहेर गणपत छाती बडवून घेत होता हे मला नंतर कळलं. आत मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तिथेच मला उमगलं की आवाज मारायला लोखंडावर मऊ काहीतरी हवं. गवत लगेच कुजेल, म्हणून मी काथ्या घेतला. आपल्याकडे नारळाची सोडणं काय कमी आहेत? दारांचे आतले पत्रे खोलून मी ठासून काथ्या भरला, तळाच्या फळ्यांवर काथ्याची जाड गादी केली, आणि वर दोन गोधड्या अंथरल्या.

गुण आला की नाही हे तपासायला पुन्हा गणपतच. तू मागे बसून हलक्या आवाजात काहीही बोलत राहा, मी पुढून ऐकू येईल ते सांगतो, असं ठरलं. काथ्या भरण्याआधीही आम्ही ही परीक्षा घेतली होती आणि तेव्हा मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यामुळे गणपत निर्धास्त होता. या खेपेला मळ्याच्या वळणापर्यंत आलो आणि मला मागून स्पष्ट ऐकू यायला लागलं की मी जन्माचा हट्टी आहे, कुंपण दर पावसाळ्यात हातभर त्याच्या बाजूला सरकवतो, आणि माझा बापही तसाच होता. मी गाडी थांबवली. भांडण झालं. (कुंपण सरकवत नाही. पावसानं सरकतं.) पण सुधारणा झाली हे त्याच्याच तोंडून सिद्ध झालं. फक्त महिन्याभरात काथ्यात उंदरांनी बिऱ्हाड केलं, आणि ज्या गाडीचा आवाज ती धावताना व्हायचा तिचा आता उभ्या-उभ्याही यायला लागला. शिवाय रस्ता गप्प झाला तरी वारा होताच. फटी तशाच होत्या.

फटी म्हटल्यावर आपल्या खाडीकाठच्या माणसाला कोण आठवणार? होड्या बांधणारा शिवा मेस्त. मी त्याला गाडी दाखवली. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर बोटाची पेरं वाजवली आणि मला वेड्यात काढलं. “अरे, होडयेत पाणी शिराक देणंय नाय, मगे गाडयेत वारो शिरतलो खंयसून? वारो काय पाण्यापरास बारीक?” मी म्हटलं, असतो बारीक. तो म्हणाला, “हेच्यात वारो शिरलो तर मिशी उतरून तुझ्या हातार ठेवीन.” मग त्यानं होडीच्या फळ्यांमध्ये ठोकतात तसा दारांच्या, काचांच्या, तळाच्या एकेका फटीत कापूस ठोकला आणि वरून राळ आणि तारली माशाचं तेल घोटून गच्च भरलं. काचा आता खाली-वर होणार नव्हत्या. शिवाच्या मते होडीला कोणी खिडकी ठेवत नाही. दारं मात्र राळ पुरती सुकेपर्यंत सताड उघडी ठेवायची, चुकूनही मिटायची नाहीत, असं त्यानं बजावलं. तेलाच्या वासानं वाडीतली सगळी मांजरं टपावर येऊन बसली, आणि काथ्यातलं उंदरांचं बिऱ्हाड त्याच रात्री उठलं. तुझी बहीण अंगणातून बघत होती. “गाडी न्हय, म्हावऱ्याची डाल झाली,” एवढंच म्हणाली, पण म्हणताना ती हसली, आणि मी ते बघितलं. त्याच संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली की गाडी खरोखर गप्प झाली असेल तर भराडीदेवीच्या जत्रेला ती माझ्याबरोबर आंगणेवाडीला येईल. दोघंच. गणपत एसटीनं येईल.

आता यात माझी काय चूक, ते तूच सांग. भराडीदेवीच्या जत्रेला तिथी नाही, हे तुलाही ठाऊक आहे. देवी कौल देईल तो दिवस. मी मनाशी धरलं होतं की अजून बरेच दिवस जातील, तोवर राळ दगडासारखी होईल. तर कौल झाला तो अगदी तोंडावरचा दिवस. राळ बोटाला चिकटत होती. शिवानं हात वर केले, म्हणाला गाडी नेऊ नको. न नेऊन कसं चालेल? एक दिवस मिळाला होता तोही सव्वीस वर्षांनी. मी दारांना आतून केळीची पानं लावली, देवाचं नाव घेतलं आणि दारं ओढून घेतली.

काय सांगू तुला. गाडी धावत होती आणि आवाज नव्हता. पूर्वी ज्या रस्त्यानं दाढा हलायच्या तो रस्ता नुसता खालून सरकत होता. तुझ्या बहिणीच्या बांगड्या किणकिणल्या त्या मला ऐकू आल्या. मी कुडाळपर्यंत वाट बघितली. ती गप्प. कट्टा गाव मागे गेलं, ती गप्प. शेवटी मी म्हटलं, सांग ना. तर म्हणाली, “रस्त्यार बघा.” उन्हानं गाडी तापली होती, राळ पातळ होऊन केळीच्या पानांवरून ओघळत होती, माशाच्या तेलाच्या वासानं डोक्यात घण बसत होते, पण मी ब्र काढला नाही. मसुरं आलं. आंगणेवाडीच्या माळावर आंब्याच्या थंड सावलीत मी गाडी लावली. जरा वेळानं दार ढकललं. उघडेना. दुसरं ढकललं. तेही नाही. चारही दारं, केळीच्या पानांसकट, चौकटीला बसली होती ती बसलीच. राळ गार होऊन धरली होती. हवेची काळजी करू नकोस. पायाखाली शिवाच्या नजरेतून सुटलेलं एक भोक होतं आणि त्यातून धुळीसह भरपूर हवा येत होती.

मग माणसं जमली. मुंबईहून जत्रेला आलेली सगळी पंचक्रोशी गाडीभोवती उभी राहिली. (तुला ज्यानं हे कळवलं तो डावीकडच्या मागच्या काचेला नाक लावून उभा होता. मी त्याला ओळखलं आहे. त्याला सांग.) गणपत होताच. त्यानं काय करावं? देवीच्या दारात आहोत म्हणून त्यानं तिथेच नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आम्हांला फक्त त्याचं तोंड हलताना दिसत होतं आणि मधूनमधून शंभर माणसांचे हात एकदम वर जाताना दिसत होते. त्यानं काय म्हटलं ते मागाहून कळलं: “बा देवी म्हाराजा, ह्या गुरुदासान जा काय वेडावाकडा केलान आसात ता पदरात घे, आणि हेची बंद झालेली दारां मोकळी कर गे म्हाराजा!” आणि सगळे, होय म्हाराजा! जत्रेतले ढोल वाजत असतील, फुगेवाले, खाजेवाले ओरडत असतील. आत काही नाही. आत मी आणि जानकी. इतक्या माणसांत आणि इतके एकटे आम्ही लग्न झाल्यापासून कधी बसलो नव्हतो. आणि मला उठून कुठे जाताही येत नव्हतं.

तिनं सांगायला सुरुवात केली.

ते काय होतं ते इथे लिहीत नाही. नवराबायकोतली गोष्ट आहे. एवढंच सांगतो की मी एकेक शब्द ऐकला. तेवढ्यात जत्रेत खाजं खात फिरणाऱ्या शिवाला लोकांनी शोधून आणलं, आणि तो कुठूनसा पटाशी-हातोडा पैदा करून माझ्या दाराला भिडला. पहिला ठोका बसला तशी जानकी थांबली. म्हणाली, “तेका जरा थांबाक सांगा. माझा पुरा झाला नाय.” मी काचेतून शिवाला हात केला, थांब. त्याला वाटलं मी गुदमरलो. त्यानं जोरात ठोकलं. मी दोन्ही हात जोडले. मग तो बिचारा पटाशी हातात धरून, शंभर माणसांना मागे सारत, आमचं बोलणं संपायची वाट बघत उभा राहिला. अडकलेल्या माणसांनी सोडवायला आलेल्याला ताटकळत ठेवलं असं त्या माळावर पूर्वी कधी झालं नसेल. माझी काही हरकत नाही. तुझ्या बहिणीचं झालं, तिनं नाक पुसलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, आता उघडूक सांगा. आम्ही उतरलो, देवीचं दर्शन घेतलं, ओटी भरली. लोक हसत होते. मी मान ताठ ठेवून चाललो, आणि तीही.

तर हे असं झालं. तू पत्रात लिहितोस त्यातलं दारं बसली एवढंच खरं. जानकी रडत होती ते दारांमुळे नव्हे. शिवानं दारं फोडून काढताना राळ गेली, कापूस गेला, दोन बिजागऱ्याही गेल्या, आणि गाडी आता पहिल्यापेक्षा चढ्या आवाजात गाते. परतीच्या वाटेवर आंगणेवाडीपासून वालावलीपर्यंत, त्या गदारोळात, तुझी बहीण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. मी हळू चालवली. आता मला सांग, ही गाडी मी विकू?

मुलांना आशीर्वाद. काढा घे.

तुझा,
गुरुदास

ता. क. — लिहिणार नाही म्हटलं, पण तुझ्याशिवाय पुढचं होणार नाही म्हणून लिहितो. तिला मुंबई बघायची नाही. राणीचा बाग नको, समुद्र तर नकोच. आपली ती पंचक्रोशीची माझगावची खोली, जिथे आपण सगळे पाळ्या लावून निजायचो, ती तिला बघायची आहे. तिच्याच शब्दांत देतो: “रोज दिवो मालवताना तुमी खंय निजला असतलास ता डोळ्यांपुढे आणूक बघी. पण जागोच बघूक नाय, तर डोळ्यांपुढे येतलो खंयसून?” सव्वीस वर्षं, दत्ताराम. रोज.

ता. क. दुसरं — खोलीचा सेक्रेटरी तू आहेस, आणि बाईमाणसानं उंबरा ओलांडायचा नाही हा नियम तू किती कडक पाळतोस ते मला माहीत आहे. बाबलीची आई गावाहून आली तेव्हा तू तिला जिन्यात उभं करून मुलगा भेटवलास. तो नियम होळीनंतरच्या पहिल्या रविवारी मोडायचा आहे. आम्ही गाडीनं येत आहोत. उतरू तुझ्याकडेच. खोलीतल्या मंडळींना दुपारी तासभर बाहेर काढ. काढणार नसलास तर एक ध्यानात ठेव: ही गाडी उभी असते तेव्हा गरीब आहे, तिचा आवाज धावताना होतो. मी खोलीखालच्या गल्लीत फेऱ्या मारत राहीन, आणि मग रात्रपाळीवाल्यांना झोप कशी लागते ते बघू.

ता. क. शेवटचं — खिडकीखालचा कोपरा माझा होता. तिथे आता कोणाची वळकटी असेल तर असू दे, पण वरच्या खिळ्यावर त्या दिवशी कोणाचा सदरा नको. तिथे माझा लावून तिला दाखवायचा आहे.